सिकलसेलनं विज्ञानाला लावलेली सवय

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा आसपासच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची पहिली तपासणी होते, तिला ना मोठं यंत्र लागतं ना वातानुकूलित खोली. बोटाला टोचून थेंबभर रक्त घ्यायचं, काचेच्या छोट्या नळीतल्या द्रावणात सोडायचं, हलवायचं आणि काही मिनिटं थांबायचं. मग नळीमागे काळ्या रेघा ओढलेला कागद धरायचा. रेघा आरपार दिसल्या तर काळजी नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर त्या रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. द्रावणातल्या रसायनानं रक्तातला ऑक्सिजन काढून घेतला, की साधं हिमोग्लोबिन विरघळलेलंच राहतं आणि सिकल हिमोग्लोबिन मात्र साखळत जातं. माणूस नुसता वाहक आहे की सिकलसेलग्रस्त, हे या नळीला सांगता येत नाही. त्यासाठी नमुना पुढे इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे विजेच्या क्षेत्रात हिमोग्लोबिनची चाल पाहणाऱ्या चाचणीला, जातो आणि मग कागदावर वाहकासाठी ‘एएस’ किंवा सिकलसेलग्रस्तासाठी ‘एसएस’ अशी दोन अक्षरं येतात.

त्या गढूळपणाचं मूळ शोधत खाली उतरलं, तर आपण कुठे पोहोचतो ते पाहा. माणसाच्या वारशाचा मजकूर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. त्यात अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनची बीटा साखळी घडवणारं एक जनुक आहे. त्यात एका ठिकाणी ‘जीएजी’ असायला हवं, तिथे ‘जीटीजी’ पडलेलं असतं. ‘ए’च्या जागी ‘टी’. त्यामुळे १४६ कड्यांच्या त्या साखळीतली सहावी कडी बदलते आणि ग्लुटामिक आम्लाऐवजी तिथे व्हॅलिन बसतं. व्हॅलिनला पाण्याचं वावडं, म्हणून ऑक्सिजन उतरला की असे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब दोर वळले जातात आणि गोल, लवचीक तांबडी पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी होते. साधी पेशी १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. जगते तेवढ्या दिवसांतही ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसते. रोवणीच्या दिवसांत दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून काम केलेलं, पाणी कमी प्यायलेलं, पावसानं गारठलेलं शरीर असेल, तर रात्री हाडं फोडून काढणारं दुखणं उठतं. घरच्यांना दिसतो फक्त कण्हणारा माणूस. त्याच्या सांध्यात मात्र त्या एका अक्षराचा हिशेब चुकता होत असतो.

मला आजही याचं नवल वाटतं. ३०० कोटींत एक अक्षर, आणि त्याचा परिणाम इतका ठसठशीत की काचेच्या नळीत डोळ्यांनी दिसावा!

हे कोडं उलगडायला विज्ञानाला फार वर्षं लागली नाहीत. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या पेशींची पहिली नोंद छापली. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं, की या रुग्णांचं हिमोग्लोबिनच विजेच्या क्षेत्रात वेगळ्या चालीनं सरकतं. एखाद्या रोगाचं बोट थेट एका रेणूकडे दाखवलं गेलं, असा हा पहिला प्रसंग. १९५४ मध्ये ॲन्थनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवून दिलं, की ज्याच्याकडे या अक्षराची एकच प्रत आहे अशा वाहकाला मलेरियाविरुद्ध ढाल मिळते. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी बदललेली नेमकी कडी शोधली. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये हे हिमोग्लोबिन सापडलं आणि १९५८ साली नागपूरहून शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांची नोंद छापली.

पुण्याचे डॉ. सुदाम काटे (पुढे २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली) महाराष्ट्रभर हिंडून रक्त तपासत राहिले. माडिया, परधान, भिल्ल, पावरा, ओतकर अशा काही जमातींत वाहकांचं प्रमाण शंभरात २० ते ३५ पर्यंत आहे, आणि गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ, नंदुरबार या प्रत्येक जिल्ह्यात पाच हजारांवर सिकलसेलग्रस्त असावेत, असा त्यांचा अंदाज २००२ साली प्रसिद्ध झाला. राज्यात मलेरियाचा सर्वाधिक जोर गडचिरोलीत, आणि त्याच जंगलपट्ट्यात हे अक्षर इतकं पसरलेलं. हा योगायोग नाही. तापानं मुलं मरत होती त्या हजारो वर्षांत एका प्रतीनं जितकी वाचवली, त्याची किंमत दोन प्रती घेऊन जन्मलेली मुलं देत आली.

इतकी नेटकी गोष्ट हाती लागली, की माणसाला तिची चटक लागते. एक जनुक, एक बिघाड, एक रोग. आजार कसा होतो हे आधी समजून घ्या, त्यातलं संशयास्पद जनुक उचला, शेदोनशे रुग्णांत आणि शेदोनशे निरोग्यांत त्याची अक्षरं मोजा, फरक दिसला की झालं. या पद्धतीला ‘कँडिडेट जीन’ अभ्यास म्हणतात. आधी संशय, मग चौकशी. १९९० च्या दशकात एखाद्या जागेची अक्षरं वाचणं स्वस्त झालं आणि मधुमेह, हृदयविकार, दमा, स्किझोफ्रेनिया, नैराश्य, दारूचं व्यसन, अगदी धाडसी स्वभाव, अशा सगळ्यांची ‘जनुकं’ सापडू लागली. सिकलसेलचं यश ही सगळ्यांच्या डोळ्यांसमोरची मिसाल होती. तिनंच घात केला, असं मी म्हणेन.

त्यातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण नैराश्याचं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलताना सेरोटोनिन सोडतात आणि काम झालं की ते परत ओढून घेतात. ओढून घेणारा पंप सतराव्या गुणसूत्रावरचं एक जनुक बनवतं. त्या जनुकाच्या तोंडाशी असलेला एक तुकडा काही लोकांत आखूड असतो, काहींत लांब. नैराश्यावरच्या कितीतरी गोळ्या याच पंपावर काम करतात, तेव्हा संशय घ्यायला याहून चांगलं जनुक कुठलं? १९९६ मध्ये जर्मन आणि अमेरिकन संशोधकांनी ५०५ माणसांत आखूड तुकड्याचा चिंताळू स्वभावाशी दुवा दाखवला. २००३ मध्ये न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात जन्मापासून पाहणीत असलेल्या ८४७ जणांच्या अभ्यासातून अवशालोम कॅस्पी, टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी आणखी देखणा निष्कर्ष मांडला: आखूड तुकडा असलेल्यांवर संकटं कोसळली तर ते नैराश्यात जास्त जातात, लांब तुकडा असलेले तग धरतात. जनुक आणि नशीब यांची सांगड! जगभरच्या वृत्तपत्रांनी ती उचलली, पाठ्यपुस्तकांत ती शिरली, त्या एका तुकड्यावर शेकडो शोधनिबंध निघाले.

आणि मग माणसांची संख्या वाढली. २००९ मध्ये नील रिश आणि सहकाऱ्यांनी १४ अभ्यासांतले १४,२५० लोक एकत्र करून पाहिले. संकटांचा परिणाम स्पष्ट होता, जनुकाचा काहीच दिसला नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या रिचर्ड बॉर्डर आणि सहकाऱ्यांनी नैराश्याची म्हणून नावाजलेली १८ जनुकं घेतली. वेगवेगळ्या कसोट्यांसाठी त्यांच्याकडे ६२ हजारांपासून ४ लाख ४३ हजारांपर्यंत माणसांची माहिती होती. डनेडिनचे ८४७ आणि हे जवळजवळ साडेचार लाख! निकाल असा, की या नावाजलेल्या जनुकांचा नैराश्याशी जितका संबंध, तितकाच डोळे मिटून उचललेल्या इतर जनुकांचा. म्हणजे वीस-पंचवीस वर्षं, शेकडो प्रयोगशाळा आणि कितीतरी पीएचड्या ज्या संशयितावर खर्ची पडल्या, तो गुन्ह्याच्या जागी नव्हताच.

यात कुणी लबाडी केली असं समजू नका. लबाडीशिवायही हे घडतं, ते कसं ते कागदावर मांडून पाहण्यासारखं आहे.

माणसात सुमारे २० हजार जनुकं. समजा, एखाद्या आजाराशी त्यांतल्या १०० जनुकांचा खरंच संबंध आहे. म्हणजे दोनशेत एक. आता तुम्ही अंदाजानं २०० जनुकं निवडून एकेकाची परीक्षा घेतली. संशोधनात रूढ असलेली कसोटी अशी, की नुसत्या योगायोगानं इतका फरक दिसण्याची शक्यता शंभरात पाचाहून कमी असेल तर निकाल ‘लक्षणीय’ मानायचा. तर १९९ निर्दोष जनुकांपैकी जवळजवळ १० जनुकं निव्वळ योगायोगानं या चाळणीतून पार होतील. खरं जनुक एकच, आणि त्याचा परिणाम बारीक असेल, माणसं थोडी असतील, तर तेही बहुधा निसटेल. छापून येतील ते दहा-अकरा निबंध, त्यांत खरा असेल तर एक. उरलेल्या १८९ जनुकांत काही सापडलं नाही, ही बातमी कुणी छापत नाही, ती कपाटात राहते. शिवाय सगळ्यांत नाही तर फक्त बायकांत पाहा, पंचविशीच्या आतल्यांत पाहा, दोन प्रती असलेल्यांतच पाहा, अशा पोटवाटा असतातच. प्रत्येक वाट म्हणजे लॉटरीचं आणखी एक तिकीट. जोएल हर्शहॉर्न आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्येच असा हिशेब जुळवला होता. ज्यांची किमान तीनदा तपासणी झाली असे जनुक आणि आजार यांचे १६६ दुवे त्यांनी घेतले. सातत्यानं खरे ठरलेले भरले फक्त सहा.

दुसरा चकवा चामोर्शी तालुक्यातल्या माणसाला समजावून सांगायला फार सोपा आहे. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत वसवली गेली. गोंड, माडिया, परधान, कुणबी, तेलुगू भाषक असा इथला गोतावळा आधीच होता. आता कल्पना करा, महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत कुणी टेबल टाकून बसला आहे. येईल त्याची लाळ घेतो आणि एकच प्रश्न विचारतो: घरी मोहरीचं तेल वापरता का? तीनशे माणसं झाल्यावर त्याला खात्रीनं एक जनुक सापडेल, ज्याचं एक रूप मोहरीचं तेल वापरणाऱ्यांत जास्त आहे. एक कशाला, शेकडो सापडतील. कारण बंगालच्या पूर्वजांची अक्षरं आणि गोंडवनाच्या पूर्वजांची अक्षरं ठिकठिकाणी वेगळी आहेत आणि तेलाची आवडही त्याच घरांतून आलेली आहे. जनुकानं तेल निवडलेलं नाही, दोन्ही एकाच वाटेनं आले. हाच प्रश्न तेलाऐवजी नैराश्याबद्दल, रक्तदाबाबद्दल किंवा शाळेतल्या गुणांबद्दल विचारला, की विनोद संपतो. भारतासारख्या, जातीत आणि जमातीत सोयरिकी होणाऱ्या देशात हा चकवा पावलोपावली आहे. तो हिशेबात धरण्याची तंत्रं आहेत, पण ती सगळ्या गुणसूत्रांवरची लाखो अक्षरं मोजल्यावरच नीट चालतात. एकच संशयित जनुक मोजणाऱ्याच्या हातात ती नसतात.

मग सिकलसेलची मलेरियाशी जोडलेली गोष्ट तरी खरी आहे ना? ती याच कसोटीवर घासून पाहिली गेली, आणि या विषयातली ती माझी सर्वांत आवडती फेरतपासणी आहे. मलेरियापासून वाचवणारी म्हणून वर्षानुवर्षांत कितीतरी जनुकं छापून आली होती आणि प्रत्येकामागे पटेल अशी कहाणी होती. उदाहरणार्थ सीडी३६ नावाचं जनुक. मलेरियाचा जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी याच्याच प्रथिनाला धरून रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात. म्हणजे त्यात बदल झाला तर आजार बदलेल, हे उघडच! २०१४ मध्ये ‘मलेरियाजेन’ या आंतरराष्ट्रीय गटानं आफ्रिका, आशिया आणि ओशनियातल्या १२ ठिकाणांहून तीव्र मलेरियाचे ११,८९० रुग्ण आणि तुलनेसाठी १७,४४१ जण गोळा केले आणि आधी नाव झालेल्या २७ जागा एकाच मापानं मोजल्या. टिकल्या पाच. बाकी २२, सीडी३६ धरून, गळाल्या. टिकलेल्यांत पहिला मान आपल्या अक्षराचा: सिकलची एक प्रत असलेल्याला तीव्र मलेरियाचा धोका इतरांच्या सुमारे सातव्या हिश्शावर येतो. रक्तगट ठरवणारं जनुकही टिकलं.

इतका दणदणीत परिणाम पकडायला हजारो माणसं लागत नाहीत, म्हणून तर ॲलिसन यांना १९५४ मध्ये तो दिसला. नैराश्याच्या खऱ्या जागा आता सापडत आहेत, त्या मात्र वेगळ्या जातकुळीच्या आहेत. २०१९ मध्ये आठ लाखांहून अधिक लोकांच्या तपासणीतून १०२ जागा निघाल्या. त्यातली एकेक जागा धोका शंभराला दोन-चारानं वाढवते, अधिक नाही. वैनगंगेला पूर येतो तेव्हा तो कुठल्या एका नाल्याचा असतो का? बालाघाटपासून आष्टीपर्यंतचे शेकडो ओढे आपापलं थोडं थोडं पाणी आणून टाकतात, वर पाऊस कुठे किती पडला हेही त्यात मिसळतं. अशा पुराचा ‘नाला’ शोधायला निघालेल्या माणसाला एक तरी नाला सापडतोच, एवढंच त्या जुन्या अभ्यासांबद्दल म्हणता येईल.

या नाल्यांच्या नावानं न्यायनिवाडेही झाले. ‘लढवय्या जनुक’ म्हणून वृत्तपत्रांनी बारसं केलेल्या एमएओए जनुकाचा आधार घेऊन २००९ मध्ये इटलीत, ट्रिएस्टच्या अपील न्यायालयानं एका खुन्याची शिक्षा एक वर्षानं कमी केली. आपल्याकडे तेवढी मजल गेलेली नाही, पण मुलाच्या गालातली लाळ पाठवा, त्याचा कल खेळात की गणितात ते सांगतो, असे अहवाल शहरांत विकले जातात. पूर्वी पत्रिका पाहून तेच सांगणारा दक्षिणा तरी कमी घेत असे.

म्हणून आधी संशय घेऊन जनुक निवडणं सरसकट फुकट गेलं, असंही नाही. अल्झायमर आजाराचं एपीओई जनुक १९९३ मध्ये सापडलं आणि आजवर प्रत्येक कसोटीला उतरलं आहे. परिणाम मोठा असेल, किंवा यंत्रणा खरोखर माहीत असेल, तर संशय कामाला येतो. मेंदू कसा उदास होतो ही यंत्रणा आपल्याला माहीत नव्हती. गोळ्या सेरोटोनिनवर चालतात एवढ्यावरून ती माहीत आहे असं वाटलं होतं.

पण खरं आश्चर्य पुढेच आहे, आणि ते पुन्हा सिकलसेलमध्ये आहे. हा आजार एका अक्षराचा, असं आपण म्हणालो. मग एकाच घरातल्या दोन भावंडांच्या कागदावर ‘एसएस’ असताना एक दर दोन महिन्यांनी दवाखान्यात का आणि दुसरा धान कापायला रानात का? १९८० च्या दशकात ओडिशातल्या रुग्णांचा आजार आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा सौम्य असल्याचं दिसलं होतं. विदर्भातल्या मुलांत मात्र तो अनेकदा बराच तीव्र असतो, हे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षांच्या पाहणीतून दाखवलं. अक्षर तेच आणि भोग वेगळे.

याचं एक कारण फार पूर्वीपासून ठाऊक होतं. बाळ पोटात असताना त्याचं रक्त वेगळं हिमोग्लोबिन वापरतं, त्याला गर्भाचं हिमोग्लोबिन म्हणतात. त्यात ती बिघडलेली बीटा साखळीच नसते. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ते बनवणं जवळजवळ बंद करतं. म्हणूनच सिकलसेलचं बाळ पहिले काही महिने खुटखुटीत असतं आणि मग एके दिवशी हातापायांची बोटं सुजून रडू लागतं. काही माणसांत मात्र हा जुना कारखाना थोडा चालूच राहतो आणि त्यांचा आजार सौम्य असतो. तर मग तो बंद कोण करतं? ती कळ सापडली तर ती परत फिरवता येईल!

वर्षानुवर्षं शास्त्रज्ञ हिमोग्लोबिनच्या जनुकांच्या आसपास घुटमळले. तिथे काही सापडलंही. अकराव्या गुणसूत्रावरच एक जागा, जी भारतातल्या रुग्णांत बहुसंख्येनं आढळते आणि गर्भाचं हिमोग्लोबिन वाढवते. पण मुख्य कळ तिथे नव्हती. सिकलमध्ये पक्षाघाताचा धोका कुणाला, हे ओळखण्यासाठी तर जुन्या पद्धतीनं कितीतरी जनुकं सुचवली गेली होती. २०११ मध्ये त्यांतल्या ३८ जागा नव्या रुग्णांत तपासल्या तेव्हा बहुतेकांचा दुवा लागला नाही.

मग कुणावरच संशय न घेता शोधायचं ठरलं. या पद्धतीत जनुकं आधी निवडतच नाहीत. संपूर्ण मजकुरावर लाखो जागा मोजायच्या आणि कसोटी शंभरात पाचाची न ठेवता दहा कोटींत पाचाची ठेवायची. २००७ मध्ये युरोपीय वंशाच्या निरोगी लोकांच्या रक्तातलं गर्भाचं हिमोग्लोबिन मोजून असा शोध घेतला गेला, पाठोपाठ सार्डिनिया बेटावर आणि अमेरिकेतल्या सिकल रुग्णांतही. उत्तर आलं ते दुसऱ्या गुणसूत्रावरून. बीसीएल११ए नावाचं जनुक. ते ओळखलं जात होतं पांढऱ्या पेशींच्या कर्करोगासंदर्भात. हिमोग्लोबिनवर आयुष्य घालवलेल्या कुणाच्याही यादीत त्याचं नाव नव्हतं. २००८ मध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी प्रयोगशाळेत दाखवलं, की गर्भाचं हिमोग्लोबिन दाबून ठेवणारा हाच. त्याला गप्प केलं, की जुना कारखाना पुन्हा सुरू होतो. पुढे मध्य भारतातल्या रुग्णांतही या जागांचा परिणाम पाहिला गेला. इथेही जनुक आधी ठरवूनच मोजलं जातं, पण ते हजारोंच्या चाळणीतून वर आलेलं असतं, हा फरक.

आणि मग पंधरा वर्षांत तो दिवस आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं आणि ८ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेनं ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला मान्यता दिली. क्रिस्पर नावाच्या, जनुक कापणाऱ्या कात्रीचा हा पहिला मान्यताप्राप्त उपचार. तो ते बिघडलेलं अक्षर दुरुस्त करत नाही! रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी बाहेर काढून त्यांतल्या बीसीएल११ए जनुकाची तांबड्या पेशींपुरती कळ कापली जाते आणि पेशी परत दिल्या जातात. अक्षर जसंच्या तसं राहतं, माणूस जन्मापूर्वीच्या रक्तावर जगू लागतो. अमेरिकेत त्याची किंमत आहे २२ लाख डॉलर. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेत स्वस्त देशी क्रिस्पर उपचारावर काम चालू आहे. तोवर गडचिरोलीतल्या रुग्णाच्या हाती हायड्रॉक्सियुरियाची गोळी आहे. ती स्वस्त आहे आणि तीही गर्भाचं हिमोग्लोबिनच वाढवते, फक्त सगळ्यांत सारखं नाही.

सगळ्यांत सारखं का नाही, याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही. बीसीएल११ए आणि त्याच्या जोडीच्या ज्ञात जागा मिळून माणसामाणसांतल्या फरकाचा एक भागच समजावून सांगतात. उरलेल्या जागा शोधायच्या तर हजारो सिकलसेलग्रस्तांचा संपूर्ण मजकूर मोजावा लागेल. जगातल्या अशा मोजण्या आजवर मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत झाल्या, म्हणून लंडनच्या आकडेवारीवर बेतलेला, अनेक जागांची बेरीज करून काढलेला धोक्याचा गुणांक गडचिरोलीतल्या आष्टीच्या किंवा घोटच्या माणसाला नीट लागू पडत नाही. ‘जीनोमइंडिया’ प्रकल्पानं ८० हून अधिक समाजगटांतल्या सुमारे १० हजार निरोगी भारतीयांचे मजकूर वाचून जानेवारी २०२५ मध्ये ते संशोधकांना खुले केले. सुरुवात चांगली आहे, पण एवढ्यात सिकलसेलचे रुग्ण येत नाहीत.

ते रुग्ण कुठे आहेत हे मात्र पक्कं ठाऊक आहे. चंद्रपूरला हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी आयसीएमआरचं संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याचं लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झालं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा, असा तिचा संकल्प आहे. सात कोटी थेंब, आणि प्रत्येक थेंबात शोधायचं ते एकच अक्षर. त्यांतून पुढे येणाऱ्या ‘एसएस’ रुग्णांचा समूह जगातल्या मोठ्या समूहांपैकी एक असेल. उरलेल्या अक्षरांत काय आहे ते पाहायचं असेल, तर याच लोकांना विचारावं लागेल. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९८० च्या दशकात गडचिरोलीत सिकलसेल किती आहे ते शोधलं, तेव्हा लोकांच्या लेखी तो पहिल्या नंबरचा प्रश्न नव्हता, हे डॉ. बंगांनीच पुढे जाहीरपणे सांगितलं आहे. लोकांवर नव्हे, लोकांसोबत संशोधन करायला हवं, हा त्यांचा आग्रह तिथूनच आला. संपूर्ण मजकूर वाचण्याची परवानगी मागायला जाल तेव्हा भामरागडच्या माडिया घरात पहिला प्रश्न हाच येणार आहे, की यातून आमच्या पोराचं दुखणं कमी होईल का. त्याचं प्रामाणिक उत्तर आज ‘लगेच नाही’ असं आहे, आणि ते माडियातून सांगावं लागेल.